गोळी शोधणारा टेलिफोन

जत्रेच्या मांडवाच्या तोंडाशी, सभेच्या दारात किंवा स्टेशनवर पोलीस अंगावरून एक काळं दांडकं फिरवतात. खिशातल्या किल्ल्यांपाशी ते किर्रर्र करतं आणि आपण हात वर करून पुढे सरकतो. शिरूर-दौंडच्या दूधपट्ट्यात याच यंत्राचा एक भाऊबंद जनावरांच्या डॉक्टरांच्या पिशवीत असतो. चाऱ्याबरोबर तारेचा तुकडा किंवा खिळा गिळलेल्या गाईच्या छातीखालून डॉक्टर ते फिरवतात. कुट्टी झालेल्या चाऱ्यात तार आहे की काडी, हे गाईला जिभेने कळत नाही. तो तुकडा जठराच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसतो आणि तिथून पडदा भेदून थेट हृदयापर्यंत पोहोचू शकतो. यंत्र वाजलं म्हणजे पोटात धातू आहे एवढं नक्की. तो रुतला आहे की नुसता पडून आहे, हे यंत्र सांगत नाही. त्यासाठी डॉक्टरांना ताप, रवंथ, दुधाची घट आणि गाईची उभं राहण्याची ढब बघावी लागते.

जिवंत शरीरातला धातू न कापता, न टोचता शोधायचा हा खटाटोप पहिल्यांदा गाजला तो एका माणसावर. तो माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता आणि शोधणारा होता टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल. टेलिफोनची गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. १८८१च्या उन्हाळ्यातली ही दुसरी गोष्ट तिथे सहसा नसते.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. घराण्याचा धंदाच आवाजाचा होता. आजोबा आणि वडील दोघेही उच्चारशास्त्राचे शिक्षक. ओठ, जीभ, घसा कोणत्या उच्चाराला कसे हलतात हे चिन्हांनी लिहिण्याची एक लिपी वडिलांनी तयार केली होती. आईला मात्र फारच कमी ऐकू येई. आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, स्वच्छ आवाजात बोललं की तिला कंपनांतून शब्द कळतात, हे मुलाने लहानपणीच हेरलं होतं. आवाज म्हणजे कंपन, आणि ते हवेशिवाय दुसऱ्या वाटेनेही जाऊ शकतं, ही समज त्याला घरातच मिळाली.

घरात दुसरीही एक गोष्ट होती, क्षय. धाकटा भाऊ १८६७ मध्ये गेला, थोरला १८७० मध्ये. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने जगापुढे मांडला तो १८८२ मध्ये, त्यामुळे तोवर हवापालट हाच उपाय मानला जाई. उरलेला एकुलता मुलगा वाचावा म्हणून आईवडिलांनी घरदार विकलं आणि १८७० मध्ये सगळे कॅनडाला गेले. पुढच्या वर्षी बेल बॉस्टनला बहिऱ्या मुलांचा शिक्षक म्हणून रुजू झाला. तिथेच मेबल हबर्ड ही त्याची विद्यार्थिनी झाली. पाच वर्षांची असताना लाल तापाने तिची श्रवणशक्ती गेली होती. १८७७ मध्ये दोघांचं लग्न झालं. टेलिफोनचा शोध लावणाऱ्याच्या आईलाही आणि बायकोलाही तो टेलिफोन कानाला लावून उपयोग नव्हता, हा योगायोग नाही. बेल त्या वाटेला लागलाच मुळी बहिरेपणामुळे.

७ मार्च १८७६ रोजी त्याला टेलिफोनचं पेटंट मिळालं आणि तीन दिवसांनी तारेतून पहिलं स्पष्ट वाक्य गेलं. त्यावरून झालेले खटले, एलिशा ग्रे या संशोधकाने बेलच्या अर्जाच्याच दिवशी कचेरीत दिलेला अर्ज, हे सगळं पुष्कळदा लिहून झालेलं आहे. इथे महत्त्वाची आहे ती त्यानंतरची एक कटकट.

टेलिफोनच्या तारा टाकल्या की बाजूच्या तारायंत्राच्या तारांतला कडकडाट त्यांत शिरायचा. आपल्याकडे दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, तेव्हाही रुळांच्या कडेने अशाच तारा धावत होत्या. एका तारेतला प्रवाह चालू-बंद झाला की शेजारच्या तारेत, तिला स्पर्श न करता, क्षणभर प्रवाह उठतो. हे प्रवर्तन, म्हणजे इंडक्शन. मायकेल फॅरडेने ते १८३१ मध्येच दाखवून दिलं होतं. इंग्लंडमध्ये असताना बेलने यावर तोड काढली. दोन वेटोळी अशी बसवायची की एकातून येणारी खरखर दुसऱ्यातल्या खरखरीला बरोबर उलट पडावी आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकाव्यात. तराजूची दोन्ही पारडी समान झाली की काटा मध्ये थांबतो, तसा टेलिफोन गप्प व्हायचा. पण या तराजूजवळ धातूचा तुकडा आणला की तोल बिघडायचा आणि टेलिफोन पुन्हा बोलू लागायचा. बेलच्या दृष्टीने तेव्हा ती अडचणच होती. १८७९ मध्ये डेव्हिड ह्यूज या संशोधकाने याच तत्त्वावर प्रवर्तन-तराजू बनवून लोकांना दाखवला आणि खरं-खोटं नाणं ओळखण्यासारखे प्रयोग केले. बेलनेही त्याच सुमारास वेटोळ्यांची जोडी वापरून ऐकण्याची ताकद मोजायचं यंत्र केलं. पुढे आवाजाच्या पातळीच्या एककाला, डेसिबेलला, त्याचंच नाव मिळालं.

१८८० मध्ये फ्रान्स सरकारने त्याला ५०,००० फ्रँकचं व्होल्टा पारितोषिक दिलं. पहिली विद्युतघटमाला बनवणाऱ्या अलेस्सांद्रो व्होल्टाच्या नावाचा हा सन्मान. त्या पैशांतून बेलने वॉशिंग्टनमध्ये व्होल्टा प्रयोगशाळा उभी केली. चार्ल्स समनर टेंटर हा हाताचा पक्का कारागीर तिथे त्याच्या जोडीला होता. प्रकाशाच्या किरणावरून आवाज पाठवण्याचा त्यांचा प्रयोग त्याच वर्षीचा. वर्षभरात या दोघांवर वेगळंच काम येऊन पडलं.

२ जुलै १८८१. पुण्यात केसरी सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते. वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर चार्ल्स गिटो या माथेफिरूने मागून दोन गोळ्या झाडल्या. पदावर येऊन गारफिल्डना चारच महिने झाले होते. एक गोळी दंडाला चाटून गेली. दुसरी उजवीकडून पाठीत शिरली, बरगड्या मोडून कण्याच्या एका मणक्यातून आरपार गेली आणि पुढे कुठेतरी थांबली. मज्जारज्जू वाचला होता. रुग्ण शुद्धीवर होता. प्रश्न एवढाच उरला की गोळी कुठे आहे?

त्या काळी या प्रश्नाचं उत्तर शोधायला दोनच साधनं होती, बोट आणि सळई. शिरूरला इंग्रजांची छावणी होती तेव्हा, १८१८च्या जानेवारीत कोरेगावच्या लढाईतले जखमी त्या छावणीत परत आणले गेले. तिथल्या शल्यवैद्याच्या हातात जे होतं, त्याहून फार वेगळं काही ६३ वर्षांनी राष्ट्राध्यक्षांच्या डॉक्टरांकडेही नव्हतं. मधल्या काळात एक सुधारणा झाली होती. १८६२ मध्ये इटलीचा गॅरिबाल्डी पायात गोळी लागून पडला, तेव्हा नेलातों या फ्रेंच शल्यवैद्याने टोकाला चकाकी नसलेल्या चिनी मातीचा मणी लावलेली सळई वापरली. शिशाला घासली की त्या मण्यावर काळसर डाग उमटे. हाडावर तसा डाग पडत नाही. युक्ती चांगली, पण त्यासाठी सळई जखमेत खुपसावीच लागे.

आणि खुपसणारे हात धुतलेले नसत. स्टेशनच्या जमिनीवरच एका डॉक्टरने गारफिल्डच्या जखमेत बोट घातलं. त्यानंतर आलेल्या डॉक्टरांनीही तेच केलं. उपचारांची सूत्रं हाती घेतलेल्या डॉक्टरांचं नाव होतं डॉक्टर विलार्ड ब्लिस. डॉक्टर ही त्यांची पदवी तर होतीच, पण आईवडिलांनी ठेवलेलं नावही डॉक्टरच होतं. जोसेफ लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत १८६७ मध्येच प्रसिद्ध केली होती. १८७६ मध्ये तो फिलाडेल्फियाला येऊन तिथल्या डॉक्टरांपुढे बोललाही होता. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंवर विश्वास ठेवायला अनेक अमेरिकन डॉक्टर तयार नव्हते. त्याच फिलाडेल्फियात आणखी दोन वर्षांनी आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला पोहोचल्या. तोवर वारं फिरू लागलं होतं, पण गारफिल्डना त्याचा काही उपयोग होणार नव्हता.

गोळी उजवीकडे खाली असावी, असं ब्लिस यांचं मत झालं आणि ते त्यांनी जाहीरही करून टाकलं. राष्ट्राध्यक्षांच्या प्रकृतीची पत्रकं दिवसातून अनेकदा निघत आणि वर्तमानपत्रं ती छापत. एकदा छापून गेलेलं मत बदलणं कोणालाही जड जातं.

बेलने ही बातमी वाचली आणि त्याला जुनी कटकट आठवली. धातू जवळ आला की तराजूचा तोल बिघडतो, आणि गोळी हा तर धातूच. मग शरीरावरून वेटोळी फिरवली तर? त्याने मदत देऊ केली आणि जुलैच्या मध्यावर तो आणि टेंटर कामाला लागले.

यंत्राची कल्पना सोपी होती. एका वेटोळ्यातून विद्युतघटांचा प्रवाह सोडायचा, पण सलग नाही. खंडक नावाचा एक भाग तो प्रवाह सेकंदाला अनेकदा तोडायचा आणि जोडायचा. प्रवाह सलग राहिला तर दुसऱ्या वेटोळ्यात काहीच उठत नाही, तो बदलला तरच उठतो. दुसरं वेटोळं टेलिफोनला जोडलेलं. दोन्ही वेटोळी अशा बेताने बसवायची की टेलिफोनमध्ये शांतता राहील. आता गोळी जवळ आली की तिच्यात भोवऱ्यासारखे छोटे प्रवाह उठतात, ते पहिल्या वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र किंचित वाकडं करतात आणि कानात बारीक गुणगुण ऐकू येते.

अडचण होती ती शिशाची. तांबं किंवा चांदी असती तर भोवरे जोरात उठले असते, शिसं वीज तितकी नीट वाहू देत नाही. गोळी लहान, वर मांसाचे थर, आणि ऐकायचं यंत्र म्हणजे माणसाचा कान. पुढचे काही दिवस प्रयोगशाळेत एकाच प्रश्नाभोवती काम चाललं. गुणगुण आणखी दोन बोटं खोलवरून कशी ऐकू येईल? वेटोळ्यांची तार जाड-बारीक करून पाहिली, वेढे कमी-जास्त केले, खंडक बदलले, आणि बॅटरी.

त्या वेळची बॅटरी म्हणजे काचेच्या बरण्या, त्यांत द्रव आणि बुडवलेल्या पट्ट्या. कोरडा घट यायला अजून पाच वर्षं होती. बरण्या एकापुढे एक जोडल्या की दाब वाढतो, म्हणजे आजच्या भाषेत व्होल्ट वाढतात. शेजारी शेजारी जोडल्या की दाब तोच राहतो, पण जास्त प्रवाह देण्याची ताकद येते. बरण्या वाढवल्या की गुणगुण वाढणार हे खरं, पण खंडकाच्या टोकांवर ठिणग्याही वाढतात, टोकं जळतात आणि प्रवाह एकसारखा तुटेनासा होतो. शिवाय असे घट सतत वापरले की काही वेळात दमतात. पट्टीवर वायूचे बुडबुडे जमून प्रवाह घटतो, आणि सकाळी बरोबर लागलेला तोल दुपारी तसाच ऐकू येईल याची खात्री उरत नाही.

आज दांडक्यातली बॅटरी बदलणाऱ्यांनाही हीच गणितं वेगळ्या रूपात भेटतात. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत आत दीड-दीड व्होल्टचे सहा घट असतात. तिच्या जागी पुन्हा चार्ज होणारी निकेलची बॅटरी बसवली, तर प्रत्येक घट १.२ व्होल्टचा. असे सहा घट मिळून ७.२ व्होल्टच होतात, म्हणून काही कंपन्या सात घट घालून ८.४ व्होल्ट देतात. आत व्होल्टेज स्थिर ठेवणारी चकती असेल आणि तिला तेवढं पुरत असेल, तर यंत्र पूर्वीसारखंच चालतं. नसेल तर वेटोळ्यातला प्रवाह कमी पडतो, पल्ला आखडतो आणि बॅटरी संपल्याचा लाल दिवा नवीन बॅटरीवरही लागतो. उलट जास्त व्होल्टचा लिथियमचा गठ्ठा जोडला तर आतले भाग तापतात. आणि धन-ऋण टोकं उलटी लागली तर बऱ्याच यंत्रांचा तिथेच निकाल लागतो. घट बदलायचे तर आधी यंत्रावर छापलेला किमान-कमाल आकडा वाचावा आणि बदलल्यावर एखादं नाणं ठरावीक अंतरावर धरून पल्ला मोजावा. बेलही तेच करत होता, नाण्याऐवजी गोळी घेऊन.

कधी मुठीत धरलेली, कधी मांसाच्या तुकड्यात दडवलेली गोळी त्याने शोधली. अमेरिकेच्या यादवी युद्धात अंगात गोळी राहून गेलेले जुने सैनिक तेव्हा पुष्कळ होते. त्यांच्यापैकी काहींवर त्याने वेटोळी फिरवली. १६-१७ वर्षं शिसं अंगात घेऊन ही माणसं चालत-फिरत होती. आत राहिलेली गोळी दरवेळी जीव घेतेच असं नाही, याचे हे चालतेबोलते पुरावे. गारफिल्डच्या खोलीत मात्र तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

२६ जुलैच्या संध्याकाळी बेल आणि टेंटर व्हाईट हाऊसमध्ये गेले. गारफिल्ड थकलेले होते. वेटोळी फिरू लागली आणि टेलिफोनमध्ये अपेक्षित शांततेऐवजी सारखी खरखर येऊ लागली. पल्लाही प्रयोगशाळेतल्यापेक्षा कमी भरला. त्या गोंधळात नेमकं काही सांगता येईना. रात्री यंत्र तपासल्यावर दोष सापडला. आवाज वाढावा म्हणून मंडलात घातलेला कंडेन्सर घाईत चुकीचा जोडला गेला होता. एका तारेची चूक! प्रयोगशाळेत असं दिवसातून चार वेळा होतं आणि कोणी मोजत नाही. इथे मात्र सगळ्या देशाचे डोळे लागले होते.

१ ऑगस्टला दुसरी संधी मिळाली. या वेळी यंत्र व्यवस्थित होतं. ब्लिस यांनी सांगितलेल्या उजव्या बाजूवर वेटोळी ठेवली तेव्हा गुणगुण आली. पण ती एका ठिपक्यावर न येता बऱ्याच मोठ्या भागावर पसरली होती, आणि छोट्या गोळीचा आवाज असा पसरत नाही. ब्लिस यांनी मात्र आपलं मत खरं ठरलं असं धरलं. बेलला ते पटेना. बिछान्याजवळ दुसरा धातू आहे का, अशी त्याने पुन्हा चौकशी केली, तेव्हा कळलं की घोड्याच्या केसांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी आहे. तशा गाद्या तेव्हा नव्यानेच निघाल्या होत्या आणि फार थोड्या घरांत असत. तशीच दुसरी गादी मिळवून त्याने त्या तारांचा यंत्रावर किती परिणाम होतो हेही तपासलं. डाव्या बाजूला शोध घ्यायची वेळ आली नाही. रुग्णाला पुन्हा हलवण्याच्या अवस्थेत डॉक्टर नव्हते, आणि त्यांच्या मते ती बाजू शोधण्याची गरजही नव्हती.

याच दिवसांत बेलच्या घरी दुःख आलं. मेबल गरोदर होती. १५ ऑगस्टला मुलगा अकाली जन्मला. त्याची फुप्फुसं श्वास ओढू शकत नव्हती आणि काही तासांतच तो गेला. त्याचं नाव एडवर्ड, क्षयाने गेलेल्या काकाचं. पुढच्या महिन्यांत बेलने एक धातूचं जाकीट तयार केलं. ते छातीभोवती घट्ट बसवायचं आणि भात्याने आतली हवा कमी-जास्त करायची. हवा कमी झाली की छाती फुगते आणि नाकातोंडातून श्वास आपोआप आत ओढला जातो. त्या काळच्या डॉक्टरांनी त्यात फारसा रस घेतला नाही. पोलिओच्या साथींत ज्याने असंख्य मुलं जगवली, तो लोखंडी फुप्फुसाचा पिंप अमेरिकेत १९२८ मध्ये आला. त्याचं तत्त्व हेच होतं.

गारफिल्ड खंगत गेले. जवळपास ९५ किलो वजनाचा धिप्पाड माणूस ६० किलोच्या आसपास आला. उकाड्याचा त्रास म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांना समुद्रकाठी हलवलं. तिथेच १९ सप्टेंबर १८८१ रोजी, गोळी लागल्यापासून ७९ दिवसांनी, ते वारले. शवविच्छेदनात गोळी सापडली ती कण्याच्या डावीकडे, स्वादुपिंडाच्या मागे. तिच्याभोवती शरीराने स्वतःच एक वेष्टण तयार केलं होतं. डॉक्टरांनी बोटांनी आणि सळयांनी जो मार्ग गोळीचा समजून दिवसेंदिवस धुतला होता, तो प्रत्यक्षात पुवाची वाट होती, उजवीकडे खाली गेलेली. प्लीहेच्या धमनीला आलेला फुगवटा फुटून मृत्यू ओढवला होता आणि शरीरभर संसर्ग पसरला होता.

यंत्राने तरी गोळी सापडली असती का? बहुधा नाही. ती इतकी खोल होती की डावी बाजू तपासली असती तरी त्या यंत्राच्या पल्ल्याबाहेर राहिली असती. आणि सापडली असती तर ती काढायला पुन्हा तेच न धुतलेले हात पोटात गेले असते. जीव वाचवण्यासाठी तेव्हा गोळीचा पत्ता लागणं गरजेचं नव्हतंच. जखम स्वच्छ ठेवून तिला हात न लावणं गरजेचं होतं. बेलच्या यंत्राच्या अपयशावर त्या काळी बरीच टीका झाली, लोकांनी त्याला प्रसिद्धीलोलुपही म्हटलं. ज्या गोळीने माणूस मेला नाही तिचा शोध लागला नाही म्हणून झालेली ही टीका आज वाचताना विचित्र वाटते.

बेलने विषय सोडला नाही. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला जाऊन त्याने जुन्या जखमी सैनिकांवर यंत्र यशस्वी करून दाखवलं. पुढच्या ऑगस्टमध्ये माँट्रियलच्या वैज्ञानिक परिषदेत त्याने सगळा अहवाल मांडला, आणि त्यात कंडेन्सरची चूकही लपवली नाही. त्या यंत्राचं जे रूप शेवटी स्थिरावलं, त्यात दोन चपटी वेटोळी एकमेकांवर अर्धवट सरकवून बसवलेली होती. आज शेतात किंवा समुद्रकिनारी नाणी शोधणाऱ्यांच्या कित्येक यंत्रांत वेटोळी अशीच एकमेकांवर चढवलेली असतात.

याच कामातून एक छोटं उपकरण निघालं, आणि या साऱ्या प्रकरणातली खरी गंमत त्यात आहे. बारीक सुई घ्यायची आणि तारेने टेलिफोनच्या एका टोकाला जोडायची. दुसऱ्या टोकाला एक धातूची पट्टी जोडून ती रुग्णाच्या कातडीवर ठेवायची. बॅटरी नाहीच! सुई मांसातून जाताना टेलिफोन गप्प असतो. टोक शिशाला लागलं की टिक असा आवाज येतो. सुई एका धातूची, गोळी दुसऱ्या धातूची आणि मधला खारट ओलावा शरीराचा. दोन वेगळे धातू आणि मधला क्षार एवढ्यावर व्होल्टाने पहिली घटमाला रचली होती. इथे तो घट रुग्णाच्या अंगातच तयार होतो, आणि हाडाला सुई लागली तर आवाज येत नाही. ज्या बरण्यांची जुळवाजुळव करण्यात जुलै गेला होता, त्यांची गरजच संपली. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन गर्डनर यांनी ही टेलिफोन-सळई पुढे वापरात आणली. १८८६ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने बेलला वैद्यकाची मानद पदवी दिली. वैद्यकाचा एकही वर्ग न शिकलेला हा डॉक्टर!

नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटजेनला क्ष-किरण सापडले आणि काही महिन्यांतच डॉक्टरांना शरीरातली गोळी काचेवर दिसू लागली. तरी क्ष-किरणांचं यंत्र जिथे नेता येत नसे, अशा रणांगणांवर टेलिफोन-सळई त्यानंतरही काही वर्षं कामी आली. प्रवर्तन-तराजू शरीरातून बाहेर पडून जमिनीकडे वळला. १९३०च्या दशकात गेरहार्ड फिशरने अमेरिकेत हातात धरून फिरवायचं यंत्र बाजारात आणलं. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की याने सुरुंग शोधणारं यंत्र बनवलं, ते १९४२ मध्ये एल अलामेनच्या वाळवंटात वापरलं गेलं.

बेलने नंतर पतंग, विमानं, पाण्यावर उचलून धावणारी होडी अशा कितीतरी गोष्टींत हात घातला. १९१९ मध्ये त्याच्या होडीने ताशी ११४ किलोमीटरचा विक्रम केला. बहिऱ्यांच्या शिक्षणातली त्याची भूमिका मात्र आज वादाची आहे. मुलांनी ओठांवरून बोलणं ओळखावं आणि तोंडाने बोलावं, हाताच्या खुणांची भाषा शाळेतून जावी, असा त्याचा आग्रह होता. बहिऱ्या माणसांनी आपसांत लग्नं करण्यालाही त्याचा विरोध होता. त्या आग्रहाने खुणांची भाषा मागे रेटली गेली, असं बहिऱ्यांच्या कित्येक संघटना आजही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. स्वतःला तो शेवटपर्यंत बहिऱ्यांचा शिक्षकच म्हणवत असे. कामाच्या खोलीत टेलिफोन ठेवायला त्याची तयारी नसे, त्याच्या घंटेने काम मोडतं म्हणून.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या आपल्या डोंगरावरच्या घरी मधुमेहाच्या गुंतागुंतीने त्याचं निधन झालं. मेबल शेजारी होती. ४ ऑगस्टला दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले सगळे टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले.